‘गाडीतून पडून जखमी’ म्हणजे नेमकं कसं?

संपादक महोदय,

‘गाडीतून पडून एक जखमी’ ही ओळ अपघातांच्या बातम्यांत नेहमी दिसते. वाचकाचं तेवढ्यावर भागतं. पण हीच ओळ जशीच्या तशी रुग्णालयाच्या केस पेपरवरही उतरते आणि तिथून मेडिकल कोडिंग करणाऱ्याच्या, म्हणजे आजार-दुखापतींना ठरलेले सांकेतिक क्रमांक देणाऱ्या कोडरच्या, टेबलावर येते, तेव्हा तो अडतो. गाडी कुठली? माणूस आत बसलेला होता, पायरीवर लटकत होता, की एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर अशा अवस्थेत होता? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणात या तिन्हींना तीन वेगळे कोड आहेत. कागदावर मात्र एकच शब्द असतो, ‘पडून’. मग कोडर नाइलाजाने व्ही ८९.२ टाकतो, म्हणजे ‘मोटारवाहन अपघात, तपशील नाही’, किंवा त्याहून वाईट, डब्ल्यू १९, म्हणजे नुसतंच पडणं. डब्ल्यू १९ पडला की ती दुखापत वाहतुकीच्या हिशेबातून साफ बाहेर जाते. घरात पाय घसरून पडलेल्यांच्या रांगेत जाऊन बसते.

गाडीत चढता-उतरताना होणाऱ्या दुखापतींचं कोडिंग हा विषय किरकोळ वाटतो. तसा तो नाही, आणि त्यात चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

आयसीडी-१०च्या विसाव्या प्रकरणात दुखापतींची बाह्य कारणं आहेत. त्यात व्ही ०१ ते व्ही ९९ हा पट्टा वाहतुकीच्या अपघातांचा. या पट्ट्याची रचना समजली की निम्मं काम होतं. पहिले दोन अंक सांगतात जखमी माणूस कोण होता आणि तो कशाला धडकला. १० ते १९ सायकलस्वार, २० ते २९ मोटारसायकल व स्कूटर, ३० ते ३९ तीनचाकी (रिक्षा यातच येते), ४० ते ४९ मोटार, ५० ते ५९ पिकअप किंवा व्हॅन, ६० ते ६९ अवजड मालवाहू, ७० ते ७९ बस. प्रत्येक दहाच्या गटात दुसरा अंक समोरच्या वस्तूचा. शून्य म्हणजे पादचारी किंवा जनावर, एक म्हणजे सायकल, दोन म्हणजे दुचाकी-तीनचाकी मोटारवाहन, तीन म्हणजे मोटार-पिकअप-व्हॅन, आणि आठ म्हणजे कशालाही न धडकता झालेला अपघात. चढता-उतरताना पडणारी बहुतेक माणसं याच आठात येतात: मोटारीसाठी व्ही ४८, बससाठी व्ही ७८, ट्रकसाठी व्ही ६८. वर्गीकरणाच्या तिसऱ्या खंडात या सगळ्याचा एक आडवा-उभा तक्ता आहे. उभ्या बाजूला जखमीचं वाहन, आडव्या बाजूला समोरचं. तो छापून टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला बरा.

दशांशानंतरचा अंक मात्र या तक्त्यात मिळत नाही. तो पहिल्या खंडात, त्या-त्या गटाच्या सुरुवातीला दिलेला असतो, आणि गोंधळ इथेच सुरू होतो. तीनचाकी, मोटार, पिकअप, ट्रक, बस या पाचही गटांत ‘चढताना किंवा उतरताना जखमी’ यासाठी .४ आहे. सायकल आणि मोटारसायकलीसाठी मात्र .३. कारण साधं आहे. मोटारीला ‘गाडीच्या बाहेरच्या भागावर बसलेला किंवा लटकलेला’ असा एक जादा प्रकार लागतो, दुचाकीला तो लागत नाही, म्हणून दुचाकीचे अंक एका घराने अलीकडे सरकलेत. आता मोटारीची सवय झालेल्या हाताने स्कूटरवरून उतरताना पडलेल्या मागच्या सीटवरच्या बाईंना व्ही २८.४ दिलं, तर नोंद काय झाली? ‘चालक, रस्त्यावरच्या अपघातात जखमी.’ बाई चालवत नव्हत्या, गाडी उभी होती, पण कागदावर त्या स्कूटर चालवताना पडल्या. बरोबर कोड व्ही २८.३. उलट चूक केली आणि मोटारीला .३ लावला, तर ‘मोटारीतली कुणीतरी व्यक्ती, सार्वजनिक रस्त्याबाहेर’ असा अर्थ निघतो. दोन्ही कोड वैध असल्यामुळे संगणक हू की चू करत नाही.

याहून मोठा सापळा नऊच्या घरात आहे. ४० ते ४८ पर्यंत .४ म्हणजे चढता-उतरताना; व्ही ४९ला हा नियमच लागू नाही. व्ही ४९.४ म्हणजे ‘मोटारचालक, इतर वा अनिर्दिष्ट मोटारवाहनाशी टक्कर, रस्त्यावर’. व्ही ३९.४ आणि व्ही ७९.४ यांचंही तसंच. तीनचाकीचा आणि बसचा चालक. ‘उतरताना लागलं, बाकी माहिती नाही’ अशा केसला कोडर स्वाभाविकपणे ‘अनिर्दिष्ट’ म्हणजे नऊ आणि ‘उतरताना’ म्हणजे चार असं जोडतो. मोटारीतून उतरताना ज्याचा पाय मुरगळला तो आकडेवारीत टकरीत सापडलेला चालक होऊन बसतो. धडक झाल्याचा उल्लेखच नसेल तर आठाच्या घरात राहायचं, नऊकडे वळायचं नाही.

नऊच्या घरात जावंच लागतं असा एक प्रसंग आहे: दारात बोट चेमटणं. घराच्या दारात बोट चेमटलं तर डब्ल्यू २३. मोटारीच्या दारात चेमटलं तर व्ही ४९.८, त्या कोडाखाली ‘दारात किंवा गाडीच्या इतर भागात अडकणे’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. बसच्या दारासाठी व्ही ७९.८, तीनचाकीसाठी व्ही ३९.८. गंमत म्हणजे याआधीच्या नवव्या आवृत्तीत बसच्या दारात सापडणं हे चढण्या-उतरण्याच्याच शीर्षकाखाली होतं, ई ८१७ मध्ये. त्यामुळे जुन्या वळणाच्या कोडरचा हात अजूनही ७८.४ कडे जातो. बाह्य कारण कुठलंही असो, जखमेचा स्वतःचा कोड आधी यायला हवा: बोट चिरडलं असेल तर एस ६७.०, हाड मोडलं असेल तर एस ६२.६ (अंगठ्यासाठी एस ६२.५), टोक तुटलं असेल तर एस ६८.१ (अंगठ्यासाठी एस ६८.०). लहान मुलांच्या बाबतीत ‘दाराची कुठली बाजू’ हे डॉक्टरांनी एका शब्दात लिहिलं तर फार बरं. बिजागरीच्या बाजूला बोट असेल तर दार तरफेसारखं काम करतं. हात लांबवर, जोर थोडा, पण खाचेतल्या बोटावर दाब कित्येक पट. कुलपाच्या बाजूला प्रकार निराळा: पुढच्या सीटवरून उतरणाऱ्या मोठ्या माणसाने दार लोटलेलं असतं, आणि मागून उतरणाऱ्या मुलाने आधारासाठी दोन दारांमधला खांब धरलेला असतो. कोडात ही बाजू मावत नाही, पण केस पेपरात मावते.

आता ‘चढताना-उतरताना’ ही अवस्था सुरू कधी होते आणि संपते कधी? वर्गीकरणात यासाठी सेकंद मोजून दिलेले नाहीत. व्यवहारात चालणारी कसोटी अशी: आत किंवा बाहेर जाण्याची क्रिया चालू आहे आणि शरीराचा काही भार अजून गाडीवर आहे, तोवर .४. दोन्ही पाय जमिनीवर टेकले, दांडी सुटली, माणूस दोन पावलं चालला आणि मग मागून मोटारसायकल आली, तर तो पादचारी: व्ही ०२.१. पण पायरीवरून खाली पाय टाकतानाच, बस आणि पदपथ यांच्यामधून घुसलेल्या मोटारसायकलीने उडवलं, तर तो अजून बसचाच माणूस आहे: व्ही ७२.४. उतरून, चालत जाऊन, पदपथाच्या कडेवर पाय मुरगळला तर त्यात वाहन कुठेच नाही. ते डब्ल्यूच्या पट्ट्यातलं साधं पडणं. पंक्चर झालेलं चाक बदलायला उतरलेला माणूस तर व्याख्येनेच पादचारी आहे, ते स्वतंत्रपणे लिहून ठेवलं आहे.

लटकणाऱ्यांचं निराळं. गाडीच्या पायरीवर, टपावर, बंपरवर प्रवास करणारा माणूस ‘बाहेरचा’ धरला जातो. धावत्या बसच्या पायरीवर लटकलेला सुटून पडला तर व्ही ७८.७ (सार्वजनिक रस्ता नसेल तर ७८.२). सीटवर बसलेला प्रवासी वळणावर उघड्या दारातून फेकला गेला तर ७८.६. उतरायला निघालेला पडला तर ७८.४. तिघेही ‘बसमधून पडले’, तिघांचेही उपाय वेगळे: पहिल्याला गर्दीचं, दुसऱ्याला दार बंद ठेवण्याचं, तिसऱ्याला पायरीच्या उंचीचं आणि गाडी पूर्ण थांबण्याचं. एका क्रियापदाच्या काटकसरीपायी हे तिघे एका खान्यात पडतात.

रेल्वेत तर हा फरक जिवावरचा. व्ही ८१.४ म्हणजे चढता-उतरताना, ८१.५ म्हणजे डब्यातल्या डब्यात पडणं, ८१.६ म्हणजे गाडीतून खाली पडणं. फलाट आणि पायरी यांच्या फटीत पाय गेला तर ८१.४. दारात उभा असलेला मधेच कुठे पडला तर ८१.६, आणि टपावरचाही रेल्वेचाच प्रवासी धरला जात असल्यामुळे तोही याच कोडात. फलाटाच्या कडेला नुसता उभा असलेल्याला गाडीची धडक बसली तर तो पादचारी, व्ही ०५. कुणी मुद्दाम ढकललं असेल तर व्हीचा पट्टाच सोडायचा, तिथे वाय ०२ येतो. हेतू ठरत नसेल तर वाय ३१. व्ही हा फक्त अपघातांचा. गर्दीच्या रेट्यात नकळत ढकललं गेलं तर तो अपघातच.

मोटारीचं दार एकदम उघडल्यामुळे मागून येणारा सायकलस्वार त्यावर आदळला, हा प्रसंग कोडिंग शिकवायला उत्तम. एकच घटना, दोन रुग्ण, दोन कोड. सायकलस्वाराला व्ही १३.४: सायकल चालवणारा, मोटारीशी टक्कर, रस्त्यावर. उतरणाऱ्याचा हात त्याच दारात मोडला असेल तर त्याला व्ही ४१.४: मोटारीतला, सायकलशी टक्कर, उतरताना. बघा, दोन्हीकडे .४ आहे आणि अर्थ दोन. सायकलस्वाराच्या कोडात दाराचा मागमूस नाही. तो चालत्या मोटारीवर आदळला की उभ्या मोटारीच्या दारावर, हे कोडावरून कधीच कळणार नाही. ते फक्त डॉक्टरांच्या अक्षरात उरतं.

दाराचं सोडा, खुद्द .४ सुद्धा फार काही सांगत नाही. चालक की प्रवासी, सार्वजनिक रस्ता की खासगी आवार, गाडी चालू की उभी, यातलं काहीच त्यात नाही. नवव्या आवृत्तीत रस्त्यावरचं चढणं-उतरणं ई ८१७ मध्ये आणि रस्त्याबाहेरचं ई ८२४ मध्ये असे निदान दोन कप्पे होते. दहाव्यात ते एक झाले. माझ्या मते हा सौदा तोट्याचा झाला. थांबलेल्या ट्रकच्या केबिनमधून उतरताना पडलेला चालक आणि धावत्या ट्रकवर चढू पाहणारा हमाल या दोघांना आज एकच व्ही ६८.४ मिळतो.

दोघांच्या जखमा मात्र एकसारख्या नसतात, आणि जाणत्या कोडरला जखमेवरूनच शंका यायला हवी. ताशी १५ किलोमीटरने चाललेल्या बसमधला माणूस सेकंदाला चार मीटरहून जास्त वेगाने पुढे जात असतो. तो मागे तोंड करून उतरला की पाय जमिनीला टेकताच थांबतात, धड मात्र गाडीच्या दिशेने चालूच राहतं. माणूस उताणा पडतो आणि डोक्याची मागची बाजू आपटते. केस पेपरवर ‘उभ्या गाडीतून उतरताना’ लिहिलंय आणि डोक्याच्या मागे खोल जखम आहे, तर एकदा विचारून घ्यावं. उलट ट्रकच्या केबिनमधून बाहेर तोंड करून उडी मारणाऱ्याची टाच मोडते, एस ९२.०, किंवा घोटा. हातात अंगठी असेल आणि ती दाराच्या कडेत अडकली तर शरीराच्या वजनाने बोटावरची कातडी मोज्यासारखी उलटी निघते. म्हणूनच चालकांना शिकवतात की तोंड गाडीकडे ठेवून, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात असे तीन आधार कायम ठेवून उतरा. म्हाताऱ्या माणसाचं बसच्या पायरीवरून पडणं म्हणजे बहुधा मनगट, एस ५२.५, नाहीतर खुब्याचं हाड, एस ७२.०.

खुब्याच्या हाडावरून मृत्यूच्या दाखल्याकडे येऊ. बसमधून उतरताना पडून खुबा मोडला, माणूस अंथरुणाला खिळला, तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने गेला. दाखल्यावर वरून खाली ‘न्यूमोनिया, खुब्याच्या हाडाचा मोड, बसमधून उतरताना पडणे’ अशी साखळी लिहिली तर मूळ कारण व्ही ७८.४ ठरतं. नुसता ‘न्यूमोनिया’ लिहिला तर जे १८.९. ‘हाड मोडून न्यूमोनिया’ एवढंच लिहिलं तर एक्स ५९.०, म्हणजे कशाने मोडलं ते ठाऊक नाही. माणूस तोच, मरण तेच. दाखल्यातली शेवटची ओळ गाळली की बसची पायरी सुटून जाते. रुग्णालयात भरती असताना जखमेचा कोड मुख्य आणि बाह्य कारण दुय्यम असतं. मृत्यूच्या नोंदीत बाह्य कारणच मूळ कारण ठरतं. ही अदलाबदल नवशिक्यांना नेहमी चकवते.

बाकीची वाहनं भराभर सांगतो. ट्राम व्ही ८२.४, फोर्कलिफ्टसारखं कारखान्यातलं वाहन ८३.४, ट्रॅक्टर ८४.४, बांधकामावरचं वाहन ८५.४, विमान व्ही ९७.१. ट्रॅक्टर जागेवर उभा करून मळणीसाठी चालवला असेल तर तो वाहन राहत नाही, डब्ल्यू ३० मध्ये जातो. जहाजाच्या फळीवरून पाण्यात पडून बुडाला तर व्ही ९२. मोटार आणि बस यांतली रेघ दहा माणसांची: दहापर्यंत नेण्यासाठी बनवलेली ती मोटार, त्याहून जास्त नेणारी ती बस. मोजायचं ते गाडी कशासाठी बनवली त्यावरून, त्या दिवशी किती कोंबले होते त्यावरून नाही.

अमेरिकेसाठी काम करणाऱ्यांची आवृत्ती वेगळी. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून दहावीचं विस्तारित रूप चालतं. त्यात सात जागा भराव्या लागतात. व्ही ४८.४ एवढंच पाठवलं तर विम्याचा दावा परत येतो, व्ही ४८.४एक्सएक्सए लागतं. मधले दोन एक्स नुसते जागा धरायला, शेवटचा ए म्हणजे उपचार सक्रिय चालू, डी म्हणजे भरून येतानाची भेट, एस म्हणजे मागे राहिलेली व्याधी. ए म्हणजे ‘पहिली भेट’ असं समजणं चूक. शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला तरी ए-च. मोटारीशी टक्कर होत असताना उतरणाऱ्यासाठी तिथे ४३.४१ ते ४३.४४ असे पोटकोड आहेत, समोरची गाडी कुठल्या जातीची त्यानुसार. तिथे एक्स एकच लागतो. आणि बाह्य कारणाचा कोड पहिल्या क्रमांकावर कधीच टाकायचा नाही.

अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, माणसाची भूमिका मुख्य कोडात कोंबलेली नाही, ती जोडकोडाने लावायची सोय आहे. .३ आणि .४ चा घोळ त्यामुळे मिटेल. पण जोडकोड लावायचा तर कागदावर माहिती हवी, आणि ती आजही नसते.

मागणी साधी आहे. अपघात विभागाच्या केस पेपरवर ‘इजा कशी झाली’ या मोकळ्या ओळीऐवजी पाच छापील ओळी हव्यात. वाहन कुठलं. माणूस कुठे होता: आत, पायरीवर किंवा बाहेर, चढत, उतरत, जमिनीवर. वाहन उभं, सुटत होतं, थांबत होतं, की धावत होतं. कशाला धडकलं, की कशालाच नाही. जागा: सार्वजनिक रस्ता, आवार, फलाट. हे विचारायला अर्धा मिनिट लागतो आणि तो रुग्ण शुद्धीत असतानाच, पहिल्या तासात विचारावा लागतो. नंतर नातेवाईक सांगतात ते ऐकीव असतं, आणि ‘चढताना’चं ‘उतरताना’ व्हायला दोन तोंडं पुरतात.

आपल्या वार्ताहरांनाही एवढंच सांगणं, की ‘गाडीतून पडून’ या शब्दांआधी ‘उतरताना’, ‘चढताना’ किंवा ‘दारात उभा असताना’ यातला एक शब्द घालावा. जागा फारशी जात नाही.

ज्या रुग्णालयांत कोडिंग होतं त्यांनी आणखी एक करून पाहावं. गेल्या वर्षीच्या यादीतून व्ही ४९.४, व्ही ३९.४, व्ही ७९.४ आणि व्ही २८.४ एवढे चार कोड वेगळे काढावेत आणि त्यांचे मूळ केस पेपर शेजारी ठेवून वाचावेत. ज्या कागदावर टकरीचा किंवा गाडी चालवत असल्याचा उल्लेख नाही आणि ‘उतरताना’ हा शब्द आहे, ते बाजूला काढावेत. दुपारभराचं काम आहे.

आपला,
वैद्यकीय नोंदी विभागातला एक वाचक